बिलावरची गाडी

[गॅरेजचे शटर वर जाते. आडव्या चार दिव्यांवर उजेड पडतो.]

डेट्रॉइटहून उत्तरेला पाँटिॲक गावाकडे जाणाऱ्या वुडवर्ड मार्गालगत, एका निवृत्त कामगाराच्या गॅरेजमध्ये 1964 सालची ही जनरल मोटर्सच्या पाँटिॲक या ब्रँडची जीटीओ उभी आहे. अक्षरांची उलटापालट करून अमेरिकेत तिला लाडाने ‘गोट’, म्हणजे बोकड, म्हणतात. बॉनेटवर दिसणारी हवेची दोन तोंडे निव्वळ शोभेची आहेत.

[बॉनेट उघडते. तीन कार्ब्युरेटर जवळून.]

इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणारे, एका ओळीतले हे तीन कार्ब्युरेटर मालकाने हिवाळाभर खपून स्वतः खोलले, धुतले आणि पुन्हा बसवले. संथ चालीत फक्त मधला काम करतो. ॲक्सिलरेटर खोलवर दाबला की पुढचा आणि मागचाही उघडतो आणि 389 घनइंचांचे, म्हणजे सुमारे 6.4 लिटरचे हे व्ही-8 इंजिन, कंपनीच्या त्या काळच्या मोजणीप्रमाणे, 348 अश्वशक्ती देते.

[शेजारच्या गाडीवरचे आच्छादन निघते.]

शेजारी आहे ती मालकाच्या वडिलांची, पाँटिॲकचीच 1965 ची चार दारांची बोनव्हिल, 18 फुटांहून लांब. 389 घनइंचांचे इंजिन मुळात अशाच जडशीळ गाड्यांसाठी होते. मध्यम आकाराच्या गाडीत 330 घनइंचांपेक्षा मोठे इंजिन बसवायला जनरल मोटर्सची मनाई होती. मात्र पाँटिॲकची 326 आणि 389 घनइंचांची इंजिने बाहेरून एकाच मापाची असल्याने, मोठे इंजिन लहान इंजिनाच्या जागी सहज बसते, हे मुख्य अभियंता जॉन डेलोरियन आणि त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स व रस गी यांनी हेरले. त्यांनी नवे मॉडेल काढलेच नाही. टेम्पेस्ट या मध्यम आकाराच्या मालिकेतल्या ल मान्स गाडीवर जादा पैसे भरून घ्यायचा साज म्हणून जीटीओ विक्रीला ठेवली. अशी पळवाट काढायलाही डोके लागते. सुरुवातीला 5,000 गाड्यांपुरती परवानगी मिळाली होती. पहिल्याच वर्षी 32,450 गाड्या खपल्या.

पुढे रस्त्यांवरच्या शर्यती, अपघात, विम्याचे चढे हप्ते, प्रदूषणाचे कायदे आणि 1973 ची तेलटंचाई यांनी मोठ्या इंजिनाच्या अशा वेगवान गाड्यांचा जमाना संपवला, आणि 2010 मध्ये पाँटिॲक हे नावही बंद झाले.

[डॅशबोर्डचा कप्पा उघडतो.]

जीटीओ 1966 साली स्वतंत्र मालिका झाली. त्याआधी ती केवळ साज असल्यामुळे या गाडीच्या चासी क्रमांकात तिची खूण नाही, आणि साध्या ल मान्सवर जीटीओची अक्षरे चिकटवून ती विकणारेही आहेत. म्हणून अस्सलपणाचा भरवशाचा पुरावा म्हणजे त्या वेळच्या बिलाची प्रत. घडीच्या रेषेवर विरलेली ही प्रत मालक दोन्ही हातांनी उलगडतात, जीटीओची नोंद असलेल्या ओळीवर बोट ठेवतात, आणि त्याच घडीवर दुमडून पुन्हा कप्प्यात ठेवतात.

[किल्ली फिरते. इंजिनाचा आवाज. येथून पुढे निवेदन नाही.]