मोती शोधणारा एम्पोरोस

नमस्कार मंडळी. बाजारात 'साडी एम्पोरियम' अशी पाटी आपण शंभरदा वाचलेली असते. त्या एम्पोरियमचं मूळ ग्रीक आहे, एम्पोरियन, म्हणजे व्यापाराची पेठ. आणि माल घेऊन तिथे येणारा तो एम्पोरोस. बायबलमध्ये मत्तयच्या शुभवर्तमानात 13व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दाखल्यात चांगली मोती शोधणारा जो व्यापारी आहे ना, त्याला मूळ ग्रीकमध्ये हाच शब्द आहे, म्हणून आज हा विषय.

आपल्याकडे व्यापारी म्हटलं की गादीवर बसलेला शेठ दिसतो, बाजूला गल्ला. एम्पोरोस तो नव्हे. त्या शब्दात 'पोरोस' आहे, पोरोस म्हणजे वाट, पार जायचा मार्ग. होमरच्या काव्यात तर दुसऱ्याच्या जहाजातून जाणारा साधा उतारू म्हणजे एम्पोरोस. पुढे माल घेऊन परमुलखात जाणाऱ्याला तो शब्द चिकटला. गावात बसून किरकोळ विकणारा तो कापेलोस, आणि प्रेषित पौल करिंथकरांना पत्र लिहितो तेव्हा देवाच्या वचनाचा धंदा मांडणाऱ्यांसाठी त्याने ह्या कापेलोसवरूनच क्रियापद घेतलंय. परत सांगते हं, कापेलोस दुकानात बसतो, एम्पोरोस वाटेला लागतो.

आता माझी आवडती गोष्ट. तुर्कस्तानात पामुक्कलेला हिएरापोलिस नावाचं जुनं शहर आहे, पौलाच्या कलस्सैकरांच्या पत्रात त्याचं नाव येतं. तिथे वेशीजवळ एक दगडी थडगं आहे, छोट्या घरासारखं, आणि त्यावर ग्रीकमध्ये कोरलंय की हे फ्लाव्हियस झ्यूक्सिसचं, जो मालेआचं टोक ओलांडून 72 वेळा इटलीला जाऊन आला. 72 वेळा! बरं, त्याच्यासाठी एम्पोरोस नाही, दुसराच शब्द कोरलाय, पण माणूस त्याच वाटेचा. मालेआ म्हणजे ग्रीसचं दक्षिणेकडचं टोक, तिथला वारा इतका वाईट की स्ट्रॅबो नावाच्या जुन्या ग्रीक भूगोलकाराने एक म्हणच नोंदवलीय, मालेआ ओलांडलंस की घर विसर. आणि समुद्र म्हणजे काय हे प्रेषितांच्या कृत्यांत 27व्या अध्यायात वाचाच, पौलाच्या जहाजावर 276 माणसं, 14 दिवस वादळ, शेवटी खायचा गहूसुद्धा समुद्रात टाकून दिला. अशा समुद्रातून हा माणूस 72 वेळा गेला, आणि थडग्यावर पैसा किती, घरं किती असलं काही न लिहिता फेऱ्यांचा आकडा लिहिला. मला हे वाचलं की माझी आजी आठवते. वसईहून पहाटेच्या लोकलने फुलांची टोपली घेऊन दादरला जायची, पदर खोचलेला, चुंबळ डोक्यावर, पावसात टोपलीवर प्लास्टिक आणि स्वतः भिजलेली. तिच्या फेऱ्या कोणी मोजल्या नाहीत, मोजायला हव्या होत्या.

वसईचं नाव निघालंच तर सांगते, पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या माहितीपुस्तकात आपलं सोपारा आणि कल्याण ह्या पेठा आहेत, आणि शब्द तोच, एम्पोरियन. नालासोपाऱ्याला स्तूप आहे, शाळांच्या सहली रिसॉर्टला नेतात त्याऐवजी तिथे न्यायला पाहिजेत, मी हे दर वेळी बोलते आणि बोलत राहणार.

तर आता दाखला परत ऐका. त्याच्या आधीच्याच ओवीत एका माणसाला शेतात पुरलेलं धन सापडतं, तो काही शोधत नव्हता. मोत्यांचा माणूस मात्र शोधायलाच निघालेला आहे, एम्पोरोस आहे, बंदरं पालथी घालत फिरणारा. आणि त्याला एक मोती दिसतो तेव्हा तो जाऊन आपलं सगळं विकतो आणि तेवढा एकच घेतो. एम्पोरोसने सगळं विकलं म्हणजे पुढच्या फेरीचं भांडवलच संपलं! आता तो जाणार कुठे? दुकानदार म्हणून वाचलं तर हे कळत नाही, वाटेवरचा माणूस म्हणून वाचलं की कळतं की तो थांबला.

नव्या करारात हा शब्द आणखी फक्त 4 वेळा येतो, चारही वेळा प्रकटीकरणाच्या 18व्या अध्यायात. तिथले एम्पोरोस बाबेल नगरी पडली म्हणून रडतायत, कारण त्यांचा माल आता कोणी घेत नाही, आणि मालाची यादीच दिलीय, सोनं, रुपं, रत्नं, मोती, रेशीम, हस्तिदंत, दालचिनी, गहू, मेंढरं, घोडे, रथ, आणि सगळ्यात शेवटी माणसं.