एका दिवसाचा कारभारी

श्रोतेहो, नमस्कार.

इ.स.पू. पाचव्या शतकातल्या अथेन्समध्ये एक छोटासा उपचार रोज पार पडत असे. बाजार आणि चावडी अशी दोन्ही कामे जिथे चालत त्या अगोरा नावाच्या मोकळ्या जागेत थोलोस ही गोल इमारत होती. तिथे पन्नास नागरिकांची समिती बसे, आणि त्यांच्यातल्या ज्या कुणाचे नाव सोडतीत निघेल त्याच्या हाती खजिन्याच्या आणि दफ्तराच्या किल्ल्या व राज्याचा शिक्का सोपवला जाई. एक रात्र आणि एक दिवस तो राज्याचा प्रमुख. त्या दिवशी जनसभा भरली तर अध्यक्षस्थानी तोच. मुदत संपली की किल्ल्या दुसऱ्याकडे जात, आणि हे पद त्याला आयुष्यात पुन्हा मिळत नसे. वर्षभरात साडेतीनशेहून अधिक नागरिक अशा रीतीने राज्याचे प्रमुख होऊन आपापल्या शेतावर किंवा कामावर परतत असत.

‘डेमॉस’ म्हणजे लोक आणि ‘क्रातॉस’ म्हणजे सत्ता, या दोन शब्दांतून लोकशाहीचा मूळ ग्रीक शब्द तयार झाला, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण त्या शब्दामागची यंत्रणा आपल्या ओळखीच्या लोकशाहीपेक्षा किती निराळी होती, हे त्या किल्ल्यांकडे पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. आज लोकशाही म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर निवडणूक येते. अथेन्सच्या लोकांना मात्र निवडणूक ही काही खास लोकशाहीची खूण वाटत नव्हती. ॲरिस्टॉटलने स्पष्ट नोंदवले आहे की, पदे सोडतीने भरणे हे लोकशाहीचे लक्षण मानले जाते आणि निवडणुकीने भरणे हे मोजक्यांच्या राजवटीचे. या मतामागचे कारण सरळ आहे. निवडणुकीत नावाजलेला, बोलका, पैसेवाला माणूस पुढे जातो. सोडतीला कुणाचे घराणे दिसत नाही.

या व्यवस्थेचा पाया इ.स.पू. 508 च्या सुमारास क्लाइस्थेनीसने घातला. त्याने जुन्या घराण्यांचे जाळे मोडण्यासाठी नागरिकांची दहा नव्या गटांत विभागणी केली आणि प्रत्येक गटात शहर, किनारपट्टी व आतला मुलूख या तिन्ही भागांतली माणसे मुद्दाम एकत्र आणली. प्रत्येक गटातून पन्नास, अशी पाचशे जणांची सभा दरवर्षी नव्याने भरवली जाऊ लागली. थोलोसमधली पन्नासांची समिती याच सभेतली. जनसभेपुढे कोणते विषय यायचे हे ही सभा ठरवी, आणि अंतिम निर्णय प्निक्स टेकडीवर जमलेले हजारो नागरिक हात वर करून देत. जनसभा सुरू झाली की दवंडी देणारा विचारी, “कुणाला बोलायचे आहे?” मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो, कारण त्यात ‘कोण’ याला कसलीही अट नाही. अर्थात, सेनापतींची दहा पदे त्यांनी सोडतीवर सोडली नाहीत. युद्धाला कसब लागते हे ओळखून ती पदे निवडणुकीने भरली जात आणि तोच माणूस पुन्हापुन्हा निवडून येऊ शके. अथेन्सचा नामवंत नेता पेरिक्लीस याने आपला प्रभाव याच पदावरून गाजवला.

मग प्रश्न पडतो की, सोडतीने आलेल्या सामान्य माणसावर भरवसा कसा ठेवला जाई? भरवसा ठेवला जात नव्हता, हेच त्याचे उत्तर आहे. पद हाती घेण्यापूर्वी प्रत्येकाची जाहीर पडताळणी होई, आणि मुदत संपल्यावर त्याला हिशेब द्यावा लागे. आधी पैशांचा हिशेब, मग वागणुकीचा. या दुसऱ्या टप्प्यात कोणताही नागरिक पुढे येऊन तक्रार नोंदवू शकत असे. हिशेब मंजूर होईपर्यंत त्या अधिकाऱ्याला देश सोडता येत नसे की आपली मालमत्ता दुसऱ्याच्या नावे करता येत नसे. पेरिक्लीससारख्या माणसालाही इ.स.पू. 430 मध्ये अथेन्सकरांनी पदावरून दूर करून दंड ठोठावला, आणि थोड्याच काळात पुन्हा निवडून दिले. माझ्या मते अथेन्सने जगाला दिलेली सर्वांत मोठी देणगी म्हणजे हा हिशेब मागण्याचा हक्क आहे, मतदान त्याच्या नंतर येते.

आजच्या शासनपद्धतीत हाच हक्क अनेक ठिकाणी वाटून दिलेला आढळतो. संसदीय पद्धतीत मंत्रिमंडळ विधिमंडळाला जबाबदार असते, म्हणजे सभागृहाचा विश्वास गमावला की त्याला पायउतार व्हावे लागते. सदस्य प्रश्न विचारतात आणि मंत्र्याला उत्तर द्यावे लागते. सभागृहाच्या मंजुरीशिवाय सरकारला तिजोरीतला पैसा खर्च करता येत नाही, आणि खर्च झालेल्या पैशाची तपासणी सरकारच्या हाताखाली नसलेला लेखापरीक्षक करतो. मात्र ही सारी व्यवस्था अथेन्समधून थेट चालत आलेली नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. प्रतिनिधींची संसद मध्ययुगीन युरोपात, कर मागणारे राजे आणि कर देणारी प्रजा यांच्या ओढाताणीतून उभी राहिली. इंग्लंडमध्ये 1265 साली शहरांचे प्रतिनिधीही बोलावले गेले, आणि 1689 च्या हक्कांच्या कायद्याने संसदेच्या संमतीशिवाय कर बसवणे बेकायदा ठरवले. एक विचार ग्रीकांचा आणि एक संस्था मध्ययुगाची, अशा दोन्हींचे कलम पुढच्या काळात बांधले गेले.

हे कलम बांधणाऱ्यांच्या मनात अथेन्सविषयी आदर होता तशी भीतीही होती, आणि ती अनाठायी नव्हती. इ.स.पू. 428 मध्ये मितिलीनी या शहराने अथेन्सविरुद्ध बंड केले, पुढच्या वर्षी ते मोडले गेले, आणि संतापलेल्या जनसभेने तिथल्या सगळ्या प्रौढ पुरुषांना ठार मारण्याचा व बायकामुलांना गुलाम करण्याचा ठराव केला. हुकूम घेऊन जहाज निघाले. रात्र गेली तशी लोकांची मने अस्वस्थ झाली, दुसऱ्या दिवशी सभा पुन्हा भरली, आणि अगदी थोड्या फरकाने ठराव फिरवला गेला. दुसरे जहाज पहिल्याच्या मागून जवळजवळ एका दिवसाच्या अंतराने सुटले. वल्हेकऱ्यांनी दारू आणि तेलात कालवलेले सातूचे पीठ वल्ही मारता मारताच खाल्ले, पाळीपाळीने झोप घेतली, आणि सेनापती पहिला हुकूम वाचून अंमलबजावणीच्या तयारीत असतानाच ते बंदरात शिरले. शहर वाचले, तरी बंडाचे सूत्रधार ठरवलेल्या अनेकांना ठार करण्यात आलेच. इ.स.पू. 406 मध्ये तर मागून जाणारे जहाजच नव्हते. वादळात बुडणाऱ्या खलाशांना वाचवले नाही म्हणून विजयी सेनापतींवर एकत्रित खटला चालवून सहा जणांना मृत्युदंड देण्यात आला. हे बेकायदा आहे असे सांगणाऱ्यांत त्या दिवशी पन्नासांच्या समितीवर असलेला तत्त्वज्ञ सॉक्रेटिस होता. लोकांना पश्चात्ताप झाला, पण नंतर.

आधुनिक संविधानांमधली पुष्कळशी कलमे म्हणजे ते दुसरे जहाज आधीच तयार ठेवण्याची धडपड आहे. विधेयकाची अनेक वाचने होतात, पुष्कळ देशांत दुसरे सभागृह असते, बहुमतालाही हात लावता येणार नाही असे मूलभूत हक्क असतात, आणि कायदा संविधानाला धरून आहे की नाही हे न्यायालय तपासते. फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यूने 1748 मध्ये मांडलेल्या सत्ताविभाजनाच्या विचाराचा 1787 च्या अमेरिकी संविधानावर खोल ठसा आहे, आणि त्या संविधानाच्या कर्त्यांनी अथेन्ससारख्या थेट जनसभेऐवजी प्रतिनिधींची वाट जाणूनबुजून निवडली. अथेन्सलाही ही गरज कळली होती. इ.स.पू. 403 मध्ये लोकशाही पुन्हा उभी राहिली तेव्हा कायदा आणि जनसभेचा ठराव यांत फरक करण्यात आला, आणि कायद्याविरुद्ध ठराव मांडणाऱ्यावर खटला भरता येत असे.

एका बाबतीत मात्र अथेन्सकडून काही घेण्यासारखे नव्हते. स्त्रिया, गुलाम आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहणारे परके यांना त्या व्यवस्थेत जागा नव्हती, आणि नागरिकांना सभेसाठी मिळणारी फुरसत काही अंशी गुलामांच्या घामावर उभी होती. यात बदल व्हायला फार वेळ लागला. देशपातळीवर स्त्रियांना मतदानाचा हक्क प्रथम न्यूझीलंडमध्ये 1893 साली मिळाला, आणि स्वित्झर्लंडमध्ये तो 1971 साली.

सोडतीची कल्पनाही पूर्णपणे विझलेली नाही. पुष्कळ देशांत ज्युरीचे सदस्य अजून अशाच पद्धतीने निवडले जातात. आयर्लंडमध्ये 2016 साली सोडतीने निवडलेल्या 99 नागरिकांची सभा भरवण्यात आली. गर्भपातासारख्या नाजूक विषयावर त्यांनी अनेक शनिवार-रविवार तज्ज्ञांचे म्हणणे ऐकले, शिफारस केली, आणि 2018 च्या सार्वमतात जनतेने संविधानातली बंदी उठवली. अथेन्समध्ये अशा निवडीसाठी दगडी पाटी असे. तिच्या खाचांमध्ये नागरिक आपल्या नावाची काशाची पट्टी सरकवीत, बाजूच्या नळीतून काळ्या-पांढऱ्या गोट्या पडत, आणि पांढरी पडली की त्या रांगेतली माणसे त्या दिवशी न्यायदानाला बसत. अशा काही पट्ट्या उत्खननात सापडल्या आहेत. काहींवर जुने नाव ठोकून बुजवून त्यावर नवे नाव कोरलेले दिसते. पुष्कळशा पट्ट्या थडग्यांत मिळाल्या, त्या बाळगणाऱ्या माणसांच्या शेजारी ठेवलेल्या.