मला जुलैत बोलवा

अध्यक्ष महोदय आणि मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'इमारतीतील मधमाश्यांची पोळी काढण्याची शास्त्रीय पद्धत'. पद्धत सांगणारच आहे, पण आधी माझं एक गाऱ्हाणं ऐकून घ्या.

मला फोन येतात डिसेंबर-जानेवारीत. "पोळं लागलंय, आत्ताच्या आत्ता या." माझं खरं काम असतं जुलैत. जुलैत मी आपणहून फोन केला, की सेक्रेटरी म्हणतात, "अहो, आता कुठे माश्या आहेत?" माश्या नाहीत म्हणूनच तर फोन केला ना!

पुढच्या दोन रांगा मधपाळांच्या दिसतायत, त्यांनी क्षणभर कान मिटावेत. मागच्यांसाठी सांगतो. छज्जाखाली, पाण्याच्या टाकीच्या पोटाला जे उघडं, एकच एक, हात-दीड हात रुंदीचं पोळं लोंबतं, ते आग्या मोहोळ. भिंतीच्या पोकळीत, मीटरच्या पेटीत, अंधारात अनेक पोळी शेजारी शेजारी बांधते ती सातेरी. कुंपणावर किंवा एसीच्या मागे तळहाताएवढं पोळं करते ती फुलोरी. सातेरी मधपाळाच्या लाकडी पेटीत राहते. आग्या राहत नाही. तिला उघडं आभाळ लागतं. पुण्यात १९६२ पासून केंद्र सरकारची मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, तरी याच शहरात मला विचारतात, "आग्या पेटीत भरून न्याल ना?"

आता ती सोसायटी. नाव सांगत नाही, इथे कोणी असेल तर हसू नका. सातव्या मजल्याच्या छज्जाखाली आग्याचं चांगलं मोठं पोळं. पहिली बैठक खर्च कोणाचा यावर. छज्जा सातव्याचा, पोळं सहाव्याच्या खिडकीसमोर. गळतीचं भांडण ठाऊक आहे ना, हुबेहूब तेच. सातवा म्हणे, आम्हाला दिसतच नाही. सहावा म्हणे, तुमच्याच छज्जाला चिकटलंय. एका काकांनी फलक लावायचं सुचवलं. मला वाटलं थट्टा करतायत. दुसऱ्या दिवशी जिन्यात खरंच फलक: 'इमारतीत अनोळखी इसमांनी व माश्यांनी बसू नये.'

दुसऱ्या बैठकीला मला बोलावलं. मी म्हटलं, काही करू नका. त्या खिडकीला जाळी लावा. रात्री गॅलरीतला दिवा बंद ठेवा, कारण आग्या उजेडाकडे येते आणि मग घरात शिरते. वरून दोर सोडून काचा पुसणाऱ्यांना मेपर्यंत थांबवा. पावसाच्या तोंडावर त्या आपल्या आपण उठून जातील, मग मी येतो. सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा दिला. चहा उत्तम होता, ते नाकारत नाही.

चौथ्या दिवशी रात्री फवारणीवाला आणला. सकाळी पार्किंगभर माश्या, काही मेलेल्या, काही सरपटणाऱ्या. झाडलोट करणाऱ्या बाईंच्या चपलेत दोन शिरल्या. मेलेल्या माशीचा काटासुद्धा टोचतो, हे कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. पोळं कापलं, मध स्टीलच्या डब्यात ऑफिसात गेला, आणि तिथून बाटल्या भरून घरोघरी. अहो, ज्या पोळ्यावर विष मारलं, त्याचाच मध! माझ्यासाठीही एक बाटली राखून ठेवली होती, "तुम्ही मधवाले म्हणून". झाकण उघडलं तर ढेकणाच्या औषधाचा वास. मी दारोदार फिरून बाटल्या परत मागत होतो आणि एक आजी म्हणाल्या, "अर्धी संपली, खोकल्याला गुण आहे."

पुढच्या नोव्हेंबरात फोन. "तुम्ही काढलेलं पोळं परत आलं!" मी काढलंच नव्हतं. जागा तीच, वीतभरही इकडेतिकडे नाही. छज्जाला मेणाचा पट्टा तसाच राहिला होता, त्या वासावर नवा थवा येतो. आसामात झालेल्या जनुकीय तपासणीत तर स्थलांतर करून गेलेल्या वसाहती पुन्हा त्याच ठिकाणी परतल्याचं दिसलंय. आपल्याकडे मुलं परदेशातून परत येत नाहीत. असो, तो दुसऱ्या व्याख्यानाचा विषय.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय: सात मिनिटं. हो, पद्धत राहिली.

आग्याचं जुलैत: रिकाम्या जागेवरचं मेण खरवडायचं, चुना मारायचा, जाळी ताणून बसवायची. टाकीच्या पोटाशी तर आधी. झालं. पोळं भरलेलं असताना खाली धूर, फटाके, दगड, पतंगाचा मांजा, काही नको. शाळेच्या किंवा दवाखान्याच्या दाराशीच असेल आणि थांबणं शक्य नसेल, तर रात्री जाणकार माणसानेच हात घालावा.

सातेरीचं संध्याकाळी. भिंतीला कान लावून गुणगुण कुठे आहे ते शोधायचं. थोडा धूर, मग भिंत उघडायची. अंडी-अळ्यांची पोळी कापून दोऱ्याने पेटीतल्या चौकटींत बांधायची. मधाची बांधू नका, जड असतात, गळतात आणि मुंग्या येतात. राणी पेटीत गेली, की बाकीच्या दारात पोट वर करून पंख हलवतात, मागच्यांना वास देतात. काळोख पडेपर्यंत पेटी तिथेच ठेवायची, चरायला गेलेल्या परत येतात. दाराला काही दिवस राणी अडवणारी जाळी लावा, कारण सातेरी रुसून पळते. पेटी दोन-तीन किलोमीटर लांब न्यायची, नाहीतर कामकरी माश्या जुन्या भिंतीवरच येऊन बसतात. आणि मेण खरवडून भोक बुजवायचं. फवारून भोक तसंच बुजवलंत तर आतला मध उन्हात पाघळतो, भिंतीला डाग पडतात, मेणकिडा लागतो.

एक मिनिट, एकच. स्कूटरच्या हँडलवर माश्यांचा घोस बसला आणि पोळं दिसत नसलं, तर तो प्रवासात टेकलेला थवा आहे, एक-दोन दिवसांत जाईल. हल्ला झालाच तर तोंड झाकून बंद खोलीत पळा, पाण्यात उडी मारू नका, त्या वर वाट पाहतात. काटा नखाने लगेच काढा. श्वास जड झाला, तोंड सुजलं किंवा खूप काटे लागले, तर थेट रुग्णालय.

घंटा वाजली. ती सोसायटी? यंदा जुलैत मी गेलो, छज्जा खरवडला, जाळी लावली. बिल अजून सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मध्ये अडकलंय.