सोलापूरचा कान

(वाचनालयाच्या सभागृहात दिलेलं व्याख्यान. रेकॉर्डिंगवरून उतरवलंय, थोडी काटछाट केलीय, बाकी बोललं तसंच ठेवलंय.)

नमस्कार मंडळी. मागं ऐकू येतंय का? येतंय म्हणता पण हात एकानंच वर केला, म्हणजे बाकीच्यांना येत नाहीये. फॅन जरा कमी करा, नको नको, बंद नका करू, सोलापूर आहे हे.

पत्रिकेत विषय छापलाय 'सोलापूर जिल्ह्यातले कलावंत : जीवन आणि कारकीर्द'. हा विषय मी दिलेला नाही. मी दिला होता 'सोलापूरचा कान', तर आपले अध्यक्ष म्हणाले अहो लोकांना वाटेल कान तपासणीचं शिबिर आहे, येतील आणि वर बीपी पण बघा म्हणतील. म्हटलं बरं, छापा तुम्हाला हवं ते. पण बोलणार मी कानावरच.

माझं म्हणणं एवढंच आहे की नट तोंडानं होत नाही, कानानं होतो. आधी ऐकावं लागतं. आणि कान तयार व्हायला आपल्या गावासारखं गाव नाही. सकाळी नळावर मराठी, शेजारच्या घरात कानडी, पूर्व भागात साडीला फॉल लावायला गेलात की तेलुगू, विजापूर वेशीत शिरलात की ती आपली दख्खनी उर्दू, आणि रिक्षावाला तर एका सवारीत चारही बोलतो, भाडं मात्र मराठीत सांगतो. पोरगं चार वर्षांचं होईपर्यंत त्याला कळलेलं असतं की या काकूंशी असं बोलायचं आणि त्या चाचांशी तसं. आवाज बदलतो, मान बदलते, हात बदलतात. दुसरं काय असतं हो नाटक म्हणजे? यावर माझे तीन मुद्दे आहेत, हे बघा चिठ्ठीवर लिहून आणलेत. क्रमानं घेतो.

पण त्याआधी शशिकला. कारण ती गोष्ट सांगितल्याशिवाय माझी गाडी पुढं जात नाही.

शशिकला जवळकर. हिंदी पिक्चरमधली ती खाष्ट, एक भुवई वर करणारी बाई, तुमच्या आमच्या आयांनी जिला पोटभर शिव्या घातल्या ती. जन्म सोलापूरचा, 4 ऑगस्ट 1932. घर चांगलं खातंपितं होतं. पोरगी पाच वर्षांची असल्यापासून जिल्ह्यातल्या गावागावांत स्टेजवर नाचायची, गायची, काम करायची. मग वडिलांचा धंदा बसला आणि सगळं कुटुंब मुंबईला गेलं. तिथं स्टुडिओच्या पायऱ्या झिजवताना नूरजहाँच्या नजरेला पडली. 1945 चा 'झीनत', त्यातली बायकांची कव्वाली, तिच्यात बसायला मिळालं आणि मिळाले 25 रुपये. पुढं 1953 मध्ये व्ही. शांतारामबापूंचा 'तीन बत्ती चार रास्ता' मिळाला, आणि तो कशावर, तर एका घरात वेगवेगळ्या प्रांतांतल्या सुना येतात, त्यावर! आता मला सांगा, आपल्याकडच्या कुठल्याही वाड्यात कॅमेरा लावला असता तरी तो पिक्चर झाला असता की.

तर आमची आजी. आजीचं माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळं आनंद झाला की मराठीत बोलायची आणि राग आला की कानडीत. आणि आमच्या शेजारी एक बाई होत्या, पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या, घरी विड्या वळायच्या, आम्ही पोरं त्यांना पेद्दम्मा म्हणायचो. या दोघी जिवलग. दोघींना मिळून धड एक भाषा यायची नाही, पण भांडण मात्र फुल्ल व्हायचं. साल असेल 71-72, मी आठ-नऊ वर्षांचा. भागवतांच्या थिएटरात मॅटिनीला जुना 'आरती' लागला होता. मीनाकुमारी सोसणारी आणि शशिकला तिची जाऊ, छळणारी. दोघी निघाल्या, मला बरोबर घेतलं, म्हणजे घरी ठेवायची सोय नव्हती. पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, कारण इंटरव्हलला विकत घेऊन खाणं हे आजीच्या दृष्टीनं पाप होतं.

पिक्चर सुरू झाला. पंधरा मिनिटांत आजी कानडीवर आली. "अय्य शिवने!" इथनं सुरुवात, आणि मग तिनं पडद्यावरच्या त्या बाईचा असा काही उद्धार केला की पुढच्या रांगेतले दोघं मागं वळून बघायला लागले, त्यातला एक हसायला लागला म्हणजे त्याला कानडी येत होतं. आणि ऐन रंगात आल्यावर पेद्दम्मा तिच्या कानाशी लागून म्हणाली, "अगं ती आपल्या गावची आहे. सोलापूरची." आजी गप्प. मग म्हणाली, "शक्य नाही. आपल्या गावात अशी बाई नाही." पेद्दम्मा म्हणाली आहे. आजी म्हणाली नाही. तिचं तेलुगू 'कादु कादु' आणि आजीचं कानडी 'इल्ल इल्ल' चाललं, मीनाकुमारी बिचारी पडद्यावर एकटी रडत होती, तिच्याकडं कोण बघेना. शेवटी डोअरकीपर आला आणि बॅटरी मारून म्हणाला, "मावशी, भांडायचं असेल तर बाहेर जावा."

घरी येईपर्यंत आजी बोलली नाही. रात्री भाकऱ्या थापताना एकदम म्हणाली, "गावची असंल तर बरोबर आहे." म्हटलं काय बरोबर आहे? तर म्हणाली, "ती मान वेळावते बघ दारातनं जाताना, आणि जाता जाता एक शब्द टाकून जाते. आमची थोरली जाऊ असंच करायची. कुठंतरी बघितलं असणार तिनं, त्याशिवाय येत नाही." आणि हातात पीठ तसंच असताना आजीनं ती मान वेळावून दाखवली. मंडळी, मी पुढं चाळीस वर्षं हौशी रंगभूमीवर तोंडाला रंग लावला, पण तसा टर्न मला एकदाही घेता आला नाही.

तर हा माझा मुद्दा नंबर तीन, निरीक्षण. तो आधीच येऊन गेला, असू दे.

शशिकलाचं एवढंच सांगतो की 'आरती' आणि 'गुमराह', लागोपाठ दोन वर्षं फिल्मफेअर घेतलं तिनं. आणि ती नुसती खलनायिका नव्हती हां, बिमल रॉयच्या 'सुजाता'मधली ती रमा आठवा, काय गोड मुलगी आहे ती. पण लोकांनी लक्षात काय ठेवलं? भुवई. नंतर सगळं सोडून मदर तेरेसांकडं सेवेला गेली, परत आली, टीव्हीवर आजीची कामं केली, 2007 ला पद्मश्री मिळाली, 4 एप्रिल 2021 ला गेली. त्या दिवशी मी गावात दहा जणांना फोन केले. सहा जणांना ती सोलापूरची हे माहीत नव्हतं. एक जण म्हणाला, "कोण, लावणीवाली?" मी फोन ठेवला.

आता दुसरी गोष्ट, ती माझी स्वतःची आहे आणि तक्रार आहे, पण थोडक्यात सांगतो. हसू नका, थोडक्यातच सांगतो.

मी बँकेत कारकून, संध्याकाळी नाटक. त्या वर्षी एका स्पर्धेत आमचं नाटक होतं, मी प्रोफेसर. गंभीर भूमिका, शाल वगैरे. तिसऱ्या अंकात बायको विचारते कुठं निघालात, आणि मी म्हणायचं, "मी येतोच आहे." दोन महिने तालमीत बरोबर म्हटलं. प्रयोगाला काय झालं देव जाणे, तोंडातनं गेलं, "येऊलालो की!" थिएटर कोसळलं. म्हणजे टाळ्या, शिट्ट्या, आपलीच माणसं हो, खूश झाली. बायकोचं काम करणारी ताई पाठ फिरवून हसत होती, खांदे हलताना दिसत होते. आणि परीक्षकांच्या शेऱ्यात काय आलं? 'उच्चार ग्रामीण. सुशिक्षित पात्रास न शोभणारे.' अहो, मी ज्या प्रोफेसरांच्या हाताखाली शिकलो ते वर्गात 'काय करलाला बे तिकडं' म्हणून खडू फेकून मारायचे, आणि पुढच्या मिनिटाला भवभूती शिकवायचे! ते काय अशिक्षित? परीक्षकांचं नाव सांगत नाही. कुठल्या गावचे तेही सांगत नाही. तुम्ही ओळखलंच आहे.

तो शेरा मी पस्तीस वर्षं डोक्यात घेऊन फिरलो. दाढी करताना सुद्धा 'येतोच आहे, येतोच आहे' म्हणायचो. आणि मग 29 एप्रिल 2016. 'सैराट'. जेऊरचा दिग्दर्शक नागराज मंजुळे, अकलूजची पोरगी, आणि पडद्यावर आपल्या जिल्ह्यातलं बोलणं, धुऊन पुसून इस्त्री केलेलं नाही, जसंच्या तसं. रिंकू राजगुरूला तर पिक्चर लागायच्या आधीच राष्ट्रीय पुरस्कारात विशेष उल्लेख जाहीर झाला होता. तिचं ते मराठीत कळत नाही का विचारणारं वाक्य तर सगळ्या महाराष्ट्राला पाठ झालं, उच्चारासकट. थिएटरात मी उभा राहून टाळ्या वाजवत होतो, आमची ही शर्ट ओढून खाली बसवत होती. दुसऱ्या दिवशी पुण्यातल्या मित्राचा फोन, "काय रे, तुमच्याकडं असंच बोलतात?" म्हटलं नाही, ते करमाळा-अकलूजकडचं, शहरातलं आमचं वेगळं, आणि मंगळवेढ्याचं आणखी वेगळं. तो म्हणाला, "मला तर सगळं सारखंच वाटतं." बघा. हाच तर कानाचा प्रश्न आहे!

चिठ्ठी आली. 'सात मिनिटं.' अहो, मी अजून विषयात शिरलो नाही. बरं. भराभर घेतो.

मुद्दा एक, भाषा. मूळ पुरुष कोण? राम जोशी. अठराव्या शतकातला आपला सोलापूरचा ब्राह्मण, शास्त्री व्हायचा तो तमाशात गेला, घरातनं बाहेर पडला, पंढरपूरला जाऊन संस्कृत शिकला आणि परत लावणीच केली. 'सुंदरा मनामध्ये भरली' त्याचीच. पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे की त्यानं संस्कृत, मराठी, कानडी आणि हिंदुस्थानी अशा चार भाषा एका लावणीत गुंफून दाखवल्या. हे घरात बसून पुस्तकातनं येत नाही, हे बाजारात कान उघडा ठेवून येतं. त्याच्यावर 1947 मध्ये शांतारामबापूंच्या राजकमलनं पिक्चर काढला, जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर. त्याच्या आदल्या वर्षी आपल्या डॉक्टर कोटणिसांवर काढला होता, त्यात कोटणीस झाले स्वतः शांताराम, म्हणजे सोलापूरचा डॉक्टर कोल्हापूरच्या माणसानं केला. चालायचंच.

मुद्दा दोन, सूर. बार्शीचे अमर शेख. जन्म 1916. मेहबूब हुसेन पटेल हे खरं नाव, गाडीवर क्लीनर, मग गिरणीत. 1944 मध्ये अण्णाभाऊ साठे आणि शाहीर गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांचा आवाज ज्यांनी मैदानात ऐकला त्यांना विचारा, माइक नुसता शोभेला असायचा म्हणतात. तोच माणूस 1961 च्या 'प्रपंच'मध्ये गरीब कुंभार होतो, सुलोचनाबाईंच्या समोर, आणि मैदान गाजवणारा तो गळा एका घरात मावेल एवढा लहान करतो. मोठ्या आवाजाच्या माणसाला हळू बोलणं सगळ्यात अवघड, मला विचारा. पंढरपूरला जन्मलेल्या तमाशातल्या विठाबाई नारायणगावकर, त्यांची ती तमाशा चालू असतानाच्या बाळंतपणाची गोष्ट तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, सांगत नाही. दोनदा राष्ट्रपतींच्या हातनं सन्मान झाला आणि शेवट हलाखीत, हे मात्र दरवेळी सांगायचं राहून जातं.

आणि फैय्याजबाई. सोलापूरच्या. 1967 चं 'कट्यार काळजात घुसली', त्यात वसंतराव देशपांडे झाले खाँसाहेब आणि या झरीना. खाँसाहेबांच्या घरातली उर्दूची अदब, आणि गायचं मराठी संगीत नाटकात. एका गळ्यात दोन्ही राहतात, कुणी कुणाला ढकलत नाही. तालमीनं येतं, मान्य, पण विजापूर वेस आणि नवी पेठ एका गावात असल्यानं पण येतं, हे माझं म्हणणं. 2015 ला बेळगावच्या नाट्यसंमेलनाच्या त्या अध्यक्षा होत्या.

अतुल कुलकर्णी. जन्म बेळगावचा, पण आपल्या हरीभाई देवकरण शाळेचा विद्यार्थी, आपल्या हौशी रंगभूमीवरनं दिल्लीला एनएसडीत, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेलेला. 'हे राम' आणि 'चांदनी बार'ला राष्ट्रीय पुरस्कार, 'नटरंग' तर तुम्ही बघितलाच, पैलवान आणि नाच्या एकाच अंगात. पण मी तुम्हाला दुसरी यादी देतो. तमिळमध्ये 'रन', कन्नडमध्ये 'आ दिनगळु', शिवाय तेलुगू, मल्याळम. आणि आपली रिंकू, 'सैराट'चा कन्नड रिमेक झाला 2017 ला, 'मनसु मल्लिगे', त्यात नायिका परत तीच. हे सगळीकडच्या नटांना का जमत नाही, आणि...

काय म्हणता? डबिंग असतं? कोण बोललं ते? बरोबर आहे, बऱ्याचदा आवाज दुसऱ्याचा घेतात. पण ओठ तर याचेच हलतात ना! समोरच्याचं वाक्य कुठं संपलं हे कळल्याशिवाय आपलं कुठं सुरू करणार? त्याला पण कानच लागतो. बरं, शशिकला लहानपणीच गाव सोडून गेली, मग तिचा कान सोलापूरचा कसा, हा प्रश्न तुम्ही विचाराल, विचाराच, कारण त्याचं उत्तर माझ्याकडं एकच आहे, आमच्या आजीची जाऊ. आणि ती आता हयात नाही.

अध्यक्ष घड्याळ बघलालेत. मागं भजनी मंडळाच्या बायका येऊन उभ्या राहिल्यात, हॉल त्यांचा आहे आता. या काकू, आत या, पेटी इकडं ठेवा. डबिंगवाले कोण ते, चहाला थांबा हो, आपलं भांडण अजून राहिलंय.