पडदा काळाच शे: विंडोजचे गेम लिनक्सवर

[दृश्य: नवापूर रेल्वे स्थानक, सकाळ. फलाटावरचं बाक. अर्ध्यावर महाराष्ट्र, अर्ध्यावर गुजरात.]

सुरत-भुसावळ मार्गावरचं हे नवापूर. स्थानकाच्या मधूनच राज्याची सीमा गेलेली. गाडी ती ओलांडते तेव्हा डबे बदलत नाहीत, रूळही बदलत नाहीत. बदलतं ते सरकार आणि पाटीवरची लिपी.

विंडोजचा गेम लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी बसणाऱ्या दुसऱ्या प्रणालीवर, चालतो, तो बराचसा असाच. प्रोसेसर दोन्हीकडे तोच. गेममधल्या सूचना त्याला जशाच्या तशा समजतात, भाषांतर लागत नाही. खोळंबा होतो तो कचेरीत. गेम विंडोजकडे खिडकी मागतो, फाइल मागतो, आवाज मागतो, आणि समोरच्या खुर्चीत विंडोज नसतंच.

त्या खुर्चीत बसतं ‘वाइन’. काम १९९३ साली सुरू झालं, ते विंडोज ३.१ चे प्रोग्रॅम चालवायला. ‘हा एम्युलेटर नव्हे’ हे त्याच्या नावातच सांगितलेलं आहे, आणि ते खरंही आहे: नकली मशीन उभं न करता तो प्रत्येक मागणी लिनक्सच्या मागणीत बदलून पुढे देतो. चित्राचं खातं निराळं. डायरेक्ट-थ्री-डी ही विंडोजची चित्रं काढायची भाषा. तिच्या ८ ते ११ आवृत्त्यांसाठी ‘डीएक्सव्हीके’, १२ साठी ‘व्हीकेडी-थ्री-डी-प्रोटॉन’. दोघंही ते काम व्हल्कनमध्ये, म्हणजे लिनक्सवर चालणाऱ्या चित्रांच्या भाषेत, उतरवतात. व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये वाइन आणि अशी साधनं एका गाठोड्यात बांधून स्टीममध्ये, म्हणजे आपल्या गेमच्या दुकानात, ठेवली. तेच प्रोटॉन.

[दृश्य: जळगाव, मे महिन्याची दुपार. कूलरची घरघर. टेबलावर जुना डेस्कटॉप, त्यावर लिनक्स मिंट २२. कॅमेऱ्याबाहेरचे दोन आवाज.]

— चालू व्हयना का, भाऊ?
— नाही ना. पडदा काळाच शे.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. त्याआधीची धडधाकट मशीन लिनक्सवर आली, ती या कारणाने. स्टीम बसवलं, गेम उतरवला, ‘प्ले’ दाबलं, आणि काळा पडदा. इथे बहुतेक जण प्रोटॉनच्या आवृत्त्या बदलत बसतात. दोष मात्र बऱ्याचदा त्याच्या खाली असतो, ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमध्ये. तपासणी तिथूनच सुरू करायची.

[दृश्य: टर्मिनल. व्हल्कन-इन्फोची ओळ, पुढे ‘समरी’चा पर्याय.]

‘व्हल्कन-टूल्स’ हे पॅकेज बसवा आणि पडद्यावरची ओळ चालवा. उत्तरात तुमच्या कार्डाचं नाव आणि व्हल्कनची आवृत्ती दिसली पाहिजे. फक्त ‘एलएलव्हीएम-पाइप’ दिसलं, तर कार्ड कामावर आलेलंच नाही. प्रोसेसर एकटा चित्रं काढतोय. मेनू कसाबसा दिसेल, गेम खेळता येणार नाही.

एनव्हिडिया कार्डावर याचं नेहमीचं कारण सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना ओळख नसलेला प्रोग्रॅम अडवणारं कुलूप. ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड मागितला जातो. पुढच्या वेळी मशीन सुरू होताना निळा पडदा येतो. त्यात ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. घाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबलं की ड्रायव्हर डिस्कवर पडून राहतो, लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, त्याला आत घेत नाही. मग तो काढून पुन्हा बसवा आणि निळ्या पडद्यापाशी थांबा, किंवा बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करा.

आणखी एक फसगत ३२ बिटची. लिनक्स ६४ बिटचं असलं, तरी पुष्कळ जुने गेम अजून ३२ बिटचे आहेत. त्यांना व्हल्कनचे ड्रायव्हर ‘आय-३८६’, म्हणजे ३२ बिट, रूपातही लागतात. नवा गेम चालतो आणि २००५ चा ‘नीड फॉर स्पीड’ चालत नाही, असा उलटा प्रकार दिसला, तर आधी हेच पाहा.

[दृश्य: कॅबिनेटचं झाकण उघडं. धुळीने भरलेलं छोटं कार्ड.]

हे जीटी ७१०. याचा भाऊबंद जीटी ७३०. स्वस्तातल्या जोडणीत हीच कार्डं दिसतात. केप्लर जातीच्या या कार्डांना एनव्हिडियाचा ४७० हा शेवटचा ड्रायव्हर, आणि तो व्हल्कन १.२ वर थांबतो. डीएक्सव्हीके २.० पासून १.३ लागतं, म्हणून प्रोटॉन ८ आणि त्यापुढचं इथे उघडणार नाही. गेमच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘कंपॅटिबिलिटी’त जा आणि प्रोटॉन ७.० निवडा. तेवढ्यानेही भागलं नाही, तर लाँच ऑप्शनमध्ये वाइन-डी-थ्री-डीची ओळ (PROTON_USE_WINED3D=1 %command%) टाका; चित्र मग व्हल्कनऐवजी ओपन-जीएलमधून जातं. वेग घटतो, पण २०१० च्या आगेमागेचे गेम निघतात. इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंतच्या अंगभूत ग्राफिक्सचंही व्हल्कन अपुरं आहे, तिथेही हाच तोडगा. सहाव्या पिढीपासून पुढे चिंता नाही. आणि कुणी जीटी ७३० विकत घ्यायला निघालं असेल, तर घेऊ नये. त्याच नावाने फर्मी जातीचं कार्डही विकलं गेलंय, त्याला व्हल्कन अजिबात नाही.

[दृश्य: फाइल मॅनेजर. ‘डी’ ड्राइव्ह, त्यात गेमचं फोल्डर, ६० जीबी.]

आता डिस्क. विंडोजच्या ड्राइव्हवर गेम आधीच आहे, मग तिथूनच चालवू, हा मोह होतोच. तो ड्राइव्ह एनटीएफएसचा, म्हणजे विंडोजच्या फाइल मांडणीचा, असतो. विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ सुरू असेल, तर बंद केल्यावरही विंडोज अर्धवट झोपेत असतं आणि लिनक्स तो ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता उघडतं. शिवाय प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक छोटं नकली ‘सी ड्राइव्ह’ बनवतं, त्यात नावात अपूर्णविराम असलेले दुवे असतात. विंडोजला फाइलच्या नावात ते चिन्ह चालत नाही. पुढे विंडोजने डिस्क तपासायला घेतली की ते दुवे बिघडतात आणि काल चाललेला गेम आज उघडत नाही.

म्हणून गेम ईएक्सटी-४ वर, म्हणजे लिनक्सच्या फाइल मांडणीवरच हवा. पण पुन्हा उतरवायचा नाही! मोबाइलचा रोज २ जीबीचा प्लॅन असेल, तर ६० जीबीला ३० दिवस जातील. गेमचं फोल्डर उचलून लिनक्सच्या स्टीममधल्या ‘स्टीमॲप्स’च्या ‘कॉमन’ फोल्डरमध्ये टाका, नाव तेच ठेवा, मग ‘इन्स्टॉल’ दाबा. असलेल्या फाइली स्टीम ओळखतं आणि उरलंसुरलं तेवढंच आणतं. एक खबरदारी: गेमची लिनक्स आवृत्तीही असेल, तर ‘इन्स्टॉल’च्या आधी प्रोटॉन सक्तीने निवडा. नाहीतर स्टीम लिनक्सच्या फाइली आणायला लागेल आणि महिन्याचा डेटा जायचा तो जाईलच.

मधेच वीज गेली आणि फाइल तुटली, तर ‘व्हेरिफाय इंटिग्रिटी’ तेवढीच फाइल दुरुस्त करतं. अख्खा गेम काढायची गरज नसते.

[दृश्य: गेम सुरू. कोपऱ्यात मँगोहडचे आकडे. प्रोसेसर ९७ अंश.]

भुसावळात बाहेर ४५ अंश असताना लॅपटॉपला थंड हवा मिळणार कुठून? प्रोसेसर शंभरीच्या जवळ गेला की स्वतःला वाचवायला वेग पाडतो आणि गेम अडखळतो. याचा दोष फुकट लिनक्सला दिला जातो. हे आकडे दाखवणारा मँगोहड बसवा, तापमान बघत राहा आणि सेकंदाला निघणाऱ्या फ्रेमला मर्यादा घाला. पडदा ६० हर्ट्झचा असेल, तर मर्यादा ३० ठेवा, ४० नको. ६० ला ४० ने सरळ भाग जात नाही आणि हालचाल झटके खाते. पहिल्या काही मिनिटांचं अडखळणं मात्र उष्णतेचं नसतं. तेव्हा शेडर, म्हणजे कार्डावर चालणारे चित्राचे छोटे प्रोग्रॅम, तयार होत असतात. दुसऱ्या दिवशी तो त्रास बराच कमी होतो.

गेम उघडतो, पण गोष्टीतल्या व्हिडिओच्या जागी रंगीत पट्ट्या? तो व्हिडिओ विंडोजच्या कोडेकवर, म्हणजे व्हिडिओ उलगडणाऱ्या प्रोग्रॅमवर, अवलंबून आहे. ‘प्रोटॉनअप-क्यूटी’ या प्रोग्रॅमने जीई-प्रोटॉन ही प्रोटॉनची निराळी आवृत्ती बसवून बघा, बहुधा सुटतं. क्षणभर खिडकी येऊन मिटत असेल, तर लाँच ऑप्शनमध्ये प्रोटॉन-लॉगची ओळ (PROTON_LOG=1 %command%) टाका. होम फोल्डरमध्ये गेमच्या क्रमांकाची फाइल तयार होते. शेवटच्या वीस-तीस ओळी वाचा, कुठली डीएलएल (गेमला लागणारी विंडोजची मदतनीस फाइल) सापडली नाही हे तिथे लिहिलेलं असतं. ‘कंपॅटडेटा’तलं, म्हणजे नकली सी ड्राइव्ह जिथे असतात तिथलं, त्या गेमचं फोल्डर पुसून नव्याने सुरुवात करणं हा रामबाण उपाय आहे, पण आत ‘स्टीमयूजर’च्या फोल्डरमध्ये तुमचे सेव्ह असू शकतात. ते आधी बाजूला काढा. सगळेच गेम क्लाउडवर सेव्ह ठेवत नाहीत.

[दृश्य: काळ्या पडद्यावर चार गेमची नावं.]

व्हॅलोरंट, फोर्टनाइट, पब्जी, एपेक्स लेजंड्स. हे लिनक्सवर चालत नाहीत. एपेक्स चालायचा, २०२४ च्या ऑक्टोबरअखेर त्याचं दार बंद झालं. त्याच वर्षी सप्टेंबरात जीटीए ऑनलाइनही गेला. जीटीएचा एकट्याने खेळायचा भाग शाबूत आहे. इथे ना ड्रायव्हरची चूक ना वाइनची. फसवणूक रोखणारा प्रोग्रॅम लिनक्सवर मान्य करायचा की नाही, हे गेमची कंपनी ठरवते. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या अशा दोन प्रोग्रॅमनी २०२१ सालीच प्रोटॉनसाठी सोय केली, तिची कळ कंपनीच्या हातात आहे. अशा गेमपायी रात्र जाळू नये. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ यांच्या तर थेट लिनक्स आवृत्त्याच आहेत.

[दृश्य: जुनी सीडी, वर मार्करने लिहिलेलं ‘आयजीआय’.]

राहिले सीडीवरचे गेम. स्टीममध्ये ‘ॲड अ नॉन-स्टीम गेम’ने आधी सेटअपची फाइल जोडा, तिला प्रोटॉन लावा, गेम बसवून घ्या. मग नवा शॉर्टकट करू नका. नव्या शॉर्टकटला नवा नकली सी ड्राइव्ह मिळतो, त्यात हा गेम नसतो आणि ‘गेम इन्स्टॉल केलेला नाही’ असं उत्तर येतं. त्याच शॉर्टकटच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ‘टार्गेट’ तेवढं बदला आणि गेमच्या मूळ एक्झी फाइलकडे वळवा.

[दृश्य: ‘प्ले’वर क्लिक. पडदा काळा. मग मेनू.]