खणातली बॅटरी

(दृश्य : टेबलावर एक दंडगोल सेल. मल्टिमीटरची लाल-काळी टोकं दोन्ही बाजूंना टेकतात. आकडा स्थिरावतो : ४.१८ व्होल्ट.)

हा लिथियम-आयन सेल काठोकाठ चार्ज झालेला आहे. चार्जरवरून काढायचा आणि असाच खणात टाकायचा, म्हणजे लागेल तेव्हा तयार, असं बहुतेकांना वाटतं. सेलला मात्र हे महागात पडतं.

वापरात नसला तरी सेलच्या आत काही ना काही चालूच असतं. ४.२ व्होल्टच्या आसपास धन बाजूला आतलं इलेक्ट्रोलाइट, म्हणजे ज्यातून लिथियम ये-जा करतं ते द्रावण, हळूहळू विघटित होतं. ऋण बाजूला ग्राफाइटवर एक पातळ थर असतो. तो सेलला सांभाळतो, पण काळानुसार जाडही होत जातो आणि त्यात थोडं थोडं लिथियम कायमचं अडकतं. जे अडकलं, ते पुन्हा कामाला येत नाही. पूर्ण चार्जला हे जास्त घडतं आणि उष्णतेत आणखी वेगाने. उन्हात बंद गाडीत ठेवलेली फुल बॅटरी म्हणजे दोन्ही शत्रू एकाच जागी.

(दृश्य : दुसरा सेल. आकडा : १.९.)

हा सेल पार उतरवून ठेवला होता. पडून राहिलेला सेल आपोआपही थोडा उतरतो आणि पॅकमधलं संरक्षक सर्किटही त्यातूनच किंचित वीज घेत राहतं. व्होल्टेज फार खाली गेलं की ऋण बाजूची तांब्याची पातळ पट्टी विरघळू लागते. पुन्हा चार्ज करताना तेच तांबं भलत्या जागी जमतं आणि सेल आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. असे सेल जिवंत करण्याच्या युक्त्या सर्रास सांगितल्या जातात. कृपा करून त्यांच्या नादी लागू नका. वरून ठणठणीत दिसणारा असा सेल नंतर पेट घेऊ शकतो.

मग ठेवायचा कसा? अर्ध्यावर. ४० ते ६० टक्के, म्हणजे नेहमीच्या सेलला साधारण ३.७ ते ३.८५ व्होल्ट. ड्रोन आणि रिमोटच्या गाड्यांच्या चार्जरमध्ये बऱ्याचदा ‘स्टोरेज’ मोड असतो, तो यासाठीच. लिथियम आयर्न फॉस्फेट या प्रकारच्या सेलची गोष्ट वेगळी. तिथे व्होल्टेज बराच काळ जवळपास सपाट राहतं, त्यामुळे नुसत्या मीटरवर भरवसा ठेवता येत नाही.

जागा थंड आणि कोरडी हवी. साधारण १५ अंश उत्तम. फ्रिजचा मोह टाळा, कारण बाहेर काढल्यावर दव धरतं. शून्याखाली गारठलेली बॅटरी तर चार्जिंगला लावूच नका. त्या तापमानाला लिथियम धातूच्या रूपात ऋण बाजूवर साचतं.

(दृश्य : सेलच्या टोकांवर चिकटपट्टी. प्लॅस्टिकच्या डबीत एकेक सेल.)

शक्य असेल तर बॅटरी उपकरणातून काढून ठेवा. सुटे सेल नाणी किंवा किल्ल्यांजवळ नकोत.

(दृश्य : पांढऱ्या पट्टीवर पेनाने तारीख आणि ३.८० लिहिलं जातं.)

दर तीन महिन्यांनी मोजा. थोडं उतरलं असेल, तर पुन्हा अर्ध्यावर आणा. एकाच तारखेला ठेवलेल्या सेलपैकी एखादाच झपाट्याने खाली आला असेल, तर तो बाद समजा. फुगलेली बॅटरी टोचू नका, दाबू नका, चार्ज करू नका. घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनाकडे द्या.