थंड पाणी, कोमट पाणी आणि गळाचे आमिष

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन शहराच्या तळ्यांवरचा बर्फ वितळला की ओळखीच्या घरांतून एक प्रश्न हमखास येतो : मुलांना घेऊन मासे गरवायला जायचे आहे, तर जिवंत गांडुळे घ्यावीत की दुकानात टांगलेली रबरी आमिषे? हा प्रश्न पॅनफिशचा असतो, म्हणजे तव्यावर अख्खे मावतील अशा लहान माशांचा. ब्लूगिल, पम्पकिनसीड, यलो पर्च आणि क्रॅपी हे त्यांतले इथले नेहमीचे मासे. क्रॅपीचा उच्चार इथली मंडळी ‘क्रॉपी’ असा करतात आणि आपणही दुकानात तसाच करावा, म्हणजे निदान तोंड उघडताच आपले नवखेपण उघडे पडत नाही.

कोकणातल्या खाडीवर गरी टाकताना कोळंबीखेरीज दुसऱ्या आमिषाचा विचार मी कधी केला नव्हता, त्यामुळे रबरी आमिषावर विश्वास बसायला इथले तीन उन्हाळे जावे लागले. आता माझे मत असे आहे की, आमिष जिवंत असावे की कृत्रिम हे ठरवण्याआधी, माशाला ते पारखायला किती वेळ मिळणार आहे याचा विचार करावा. पाण्यावर तरंगणाऱ्या बुचाखाली स्थिर लोंबणारे आमिष मासा निवांत न्याहाळतो, त्याचा वास घेतो, तोंडात ओढून चव पाहतो आणि पटले नाही तर थुंकून टाकतो. या परीक्षेत गांडूळ उत्तीर्ण होते, नुसते रबर बहुधा होत नाही. याउलट, जे आमिष डोळ्यांदेखत निघून चालले आहे त्याच्याबाबत माशाला क्षणात निर्णय घ्यावा लागतो आणि तिथे वासापेक्षा आकार व हालचाल यांनाच महत्त्व येते.

मॅडिसनमधल्या विंग्रासारख्या उथळ तळ्यावर हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून, डोक्यावरून जॅकेट ओढून घेऊन आत डोकावले, तर ही पारख प्रत्यक्ष पाहता येते. ब्लूगिल आमिषापासून वीतभर अंतरावर येऊन थांबतो, जागच्या जागी पंख हलवत राहतो, थोडा पुढे सरकतो, पुन्हा मागे जातो आणि अखेर आमिष आत ओढतो ते इतक्या हलक्याने, की हातातल्या काठीला त्याचा पत्ताही लागत नाही. मासा शीतरक्ताचा असल्यामुळे गार पाण्यात त्याचे पचन आणि हालचाल दोन्ही मंदावतात व भक्ष्यामागे धावण्याची त्याची तयारी नसते. अशा वेळी मधमाश्यांच्या पोळ्यात वाढणाऱ्या मेणपतंगाची अळी, जिला इथे वॅक्सवर्म म्हणतात, अगदी लहान जिगच्या टोकाला लावलेली उत्तम. जिग म्हणजे डोक्याशी शिशाचा वा टंगस्टनचा मणी असलेला गळ. त्याची चमक माशाला जवळ बोलावते आणि अळीची चव त्याला थांबवून धरते. जिवंत की कृत्रिम या वादाचा निकाल इथे दोन्ही बाजूंनी लागतो.

मे महिन्याच्या अखेरीस पाणी साधारण 68 अंश फॅरनहाइटच्या आसपास पोहोचले की चित्र पालटते. ब्लूगिलचे नर काठालगत बशीसारखी घरटी कोरून अंड्यांची राखण करू लागतात आणि भूक असो वा नसो, जवळ येणाऱ्या वस्तूवर तुटून पडतात. या दिवसांत एक बत्तिसांश औंसाचे, म्हणजे ग्रॅमभरसुद्धा नसलेले जिग आणि त्यावर इंचभर रबरी शेपटी एवढे पुरते. प्रत्येक माशामागे गांडूळ नव्याने ओवत बसण्याचा खोळंबा वाचतो आणि मासे नेमके कुठे आहेत हे धुंडाळणे सोपे जाते. मात्र राखणीवरचे थोराड नर सोडून द्यावेत, कारण ते उचलले की अंडी उघडी पडतात.

क्रॅपीची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याचे डोळे वरच्या बाजूस असल्याने तो वर पाहून खातो, म्हणून आमिष त्याच्या किंचित वर असावे, खाली कधीही नसावे. जिवंत मिनो, म्हणजे बोटाएवढी मासळी, त्याला फार प्रिय आहे. पण पिसांचे जिग संथपणे ओढले तर तेही तो सोडत नाही. त्याच्या ओठाची कातडी कागदासारखी पातळ असते, म्हणून हिसका न देता तंगूस, म्हणजे गळाची दोरी, अलगद ताणावा.

मुलांच्या हाती मात्र मी गांडूळच देतो. अख्खे लोंबते ठेवू नये, ब्लूगिल त्याची शेपटी कुरतडून निघून जातो. अर्ध्या इंचाचा तुकडा आठ किंवा दहा नंबरच्या बारीक गळावर ओवावा. एक धोका लक्षात ठेवायला हवा : मूल बदकांकडे पाहत बसले, तर मासा तेवढ्या वेळात गळ पोटापर्यंत गिळतो. रबर तो लगेच थुंकतो, म्हणून हा प्रकार त्यात क्वचित घडतो. गिळलेला गळ ओढून काढू नये. मासा सोडायचा असेल, तर तोंडाजवळ तंगूस कापणे हेच त्याच्या जगण्याच्या दृष्टीने बरे.

उरलेली गांडुळे काठावर टाकणे हे पुण्यकर्म वाटते, पण इथे ते तसे नाही. हिमयुगातील हिमनद्यांमुळे या उत्तरेकडच्या जंगलांत मूळची गांडुळे उरलीच नव्हती. बाहेरून आलेली गांडुळे पानांचा थर खाऊन टाकतात आणि त्याखाली रुजणारी रोपे उघडी पडतात. त्यांच्यातली उड्या मारणारी आशियाई जात विस्कॉन्सिनमध्ये 2013 साली सापडली, तीही विंग्राला लागून असलेल्या विद्यापीठाच्या आर्बोरेटममध्ये, म्हणजे वृक्षोद्यानात. मिनोंची उरलेली बादलीही तळ्यात ओतू नये. माशांना मारणारा व्हीएचएस विषाणू 2007 साली विन्नेबागो सरोवरात आढळला, तेव्हापासून इथे याबाबतचे नियम कडक आहेत.

मी गांडुळांचा डबा पुढच्या रविवारसाठी फ्रिजमध्ये ठेवतो. झाकणावर मोठ्या देवनागरी अक्षरांत ‘गांडुळे’ असे लिहिलेले असते, कारण पहिल्या वर्षी ते लिहायचे राहिले होते आणि शेजारी श्रीखंडाचा तसाच डबा होता.